खुडूक कोंबडीखालची अंडी खायची का? दर वेळी होणारा घोळ आणि त्यावर आमच्या घरात बसलेला उपाय

मागच्या आषाढात शेजारच्या वैनी भर पावसात हातात वाटी घेऊन आल्या. वाटीवर ताटली झाकलेली. सकाळीच त्यांनी माझ्याकडून सहा जवारी, म्हणजे गावठी, अंडी नेली होती. ताटली उचलली तर आत बलकावर लाल दोऱ्यांचं जाळं आणि मधे एक काळा ठिपका. "पोरगा ताटावरनं उठून गेला बघ आक्का," एवढंच म्हणाल्या. पैसे परत द्यायला गेले तर घेईनात, उलट "असू दे, होतंय" म्हणून माझीच समजूत काढली. ते जास्त लागलं.

आमच्याकडं हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसली, की वर्षातनं दोनदा तरी असलं अंडं निघायचंच. दर वेळी आम्ही दोष कोंबडीला द्यायचो, नाहीतर करंट गेल्यामुळं फ्रीज बंद पडला म्हणायचो. आत्यांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, ठरलेलं वाक्य: "बसलेल्या कोंबडीखालनं काढायचंच न्हाई अंडं." धाकट्या दिरांचं दुसरं: "भाजलं की सगळं चालतंय." दोघांचंही अर्धं खरं होतं.

घोळ होतो कुठं

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. पाऊस एकदा लागला की चार महिने अंगण वापरता येत नाही. कोंबड्या सात-आठ, कोंबडा एक, सगळी पडवीत एकत्र. अंडी घालायला भाताचं पिंजर (पेंढा) घालून तीन बुट्ट्या ठेवल्यात. पण कोंबड्यांची अक्कल अशी की तिघींना एकच बुट्टी लागते, आणि तीही जिच्यात आधीच कुणीतरी ठाण मांडलंय तीच.

खुडूक कोंबडी दिवसभरात बहुधा एकदाच उठते. पंधरा-वीस मिनिटांत दाणा टिपते, पाणी पिते, दिवसभराची एकदम मोठी आणि घाण वासाची विष्ठा टाकते, मातीत लोळते आणि परत बसते. तेवढ्या वेळात दुसरी येऊन अंडं घालून जाते. काही तर तिच्या अंगावरच चढून बसतात. आणि बसलेली बाई अशी उदार की परकं अंडंसुद्धा चोचीनं ओढून पोटाखाली घेते. आठवड्यानं बुट्टीत हात घातला तर रवणीला, म्हणजे उबवायला, घातलेली दहा अंडी चौदा झालेली असतात. त्यातलं एक आज सकाळचं, एक तीन दिवसांपूर्वीचं, एक कधीचं ते देवाला माहीत. वरनं सगळी सारखीच दिसतात, हाताला सारखीच ऊन लागतात.

म्हणून "खुडूक कोंबडीखालची अंडी चालतात का" या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणतं अंडं किती वेळ तिच्याखाली होतं, हा खरा प्रश्न आहे. आणि ते आपल्याला सांगता येत नसेल, तर सगळी अक्कल तिथंच संपते.

आत काय चाललेलं असतं

कोंबडा सोबत असला की अंडं बहुतेक फलित असतं. एकदा कोंबडा लागला की पुढं आठवडा-दोन आठवडे कोंबडी फलित अंडी घालू शकते. फलित अंडं खाण्यात काहीही वाईट नाही. चवीत, पोषणात फरक नाही. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या तेच खात आल्या. दुकानातली पांढरी अंडी पोल्ट्रीची. तिथं कोंबडाच नसतो, म्हणून त्यात पिल्लू होण्याचा सवाल येत नाही, इतकाच फरक.

अंडं बाहेर पडतं तेव्हाच फलित अंड्यातल्या त्या फिकट टिकलीत हजारो पेशी तयार असतात. मात्र अंडं गार राहिलं की त्या झोपून राहतात. कोंबडीच्या पोटाची ऊब मिळाली, म्हणजे साधारण ३७.५ अंश, की वाढ चालू होते. पहिल्या दिवसात डोळ्याला काही कळत नाही, टिकली जरा पसरते एवढंच. दुसरा दिवस संपता संपता हृदय धडधडायला लागतं. तिसऱ्या दिवशी रक्ताच्या शिरा दिसतात. चौथ्या दिवसाच्या आसपास डोळ्याचा काळा ठिपका. २१व्या दिवशी पिल्लू. वैनींच्या वाटीतल्या त्या काळ्या ठिपक्यावरनं मला नंतर हिशेब लागला: मी ज्याला "कालचं" म्हणून विकलं ते अंडं किमान चार दिवस कोंबडीखाली होतं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण यावरच आमच्या घरात वाद झाले. आत वाढणारा गर्भ म्हणजे विष नव्हे. फिलिपिन्समध्ये दोन-अडीच आठवडे उबवलेलं बदकाचं अंडं उकडून आवडीनं खातात, त्याला बलूत म्हणतात. आपल्याला बघवत नाही ती गोष्ट वेगळी. खरा धोका उबेचा आहे. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. बुट्टीत विष्ठा असते, पिंजर ओलं असतं, एखादं अंडं फुटून बाकीच्यांना चिकटलेलं असतं. त्यातनं जंतू आत शिरले, तर पिल्लाला जी ऊब मानवते तीच साल्मोनेलासारख्या जंतूंनाही मानवते. शिवाय उबेनं बलकाभोवतीची पातळ पिशवी सैल पडते. पांढऱ्यात जंतूंना फारसं खाद्य नसतं, बलकात भरपूर असतं. ती पिशवी सैल झाली की वाट मोकळी.

म्हणून बसलेल्या कोंबडीखाली आठ-दहा दिवस राहिलेलं वांझ अंडं, म्हणजे ज्यात पिल्लू धरलंच नाही ते, तेही खायच्या लायकीचं नसतं. "टॉर्चमध्ये साफ दिसतंय, घाल तव्यावर" असं म्हणणारे बरेच आहेत. माझ्या माहेरीही म्हणायचे. साफ दिसणं म्हणजे गर्भ नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते अंडं आठवडाभर ३७ अंशांत पडून होतं, हे टॉर्च सांगत नाही.

मी आता काय पाळते

सकाळी घातलेलं अंडं त्याच संध्याकाळी खुडूक कोंबडीखालनं काढलं, तर बिनघोर खायचं. रात्र राहून दुसऱ्या दिवशी सकाळी काढलं, तर घरी खायचं, पण पुरतं शिजवून आणि त्याच दिवशी. विकायचं नाही. त्याच्या पुढचं, किंवा ज्याचा दिवस माहीत नाही असं अंडं, खायचं नाही. यात "वास तर येत नाही" हा मुद्दा मी ऐकून घेत नाही. वास येईपर्यंत थांबायचं म्हणजे उशीर झालेला असतो.

पुरतं शिजवणं म्हणजे बलक घट्ट होईपर्यंत. हाफ फ्राय नाही, अर्धं उकडलेलं नाही. घरात बाळंतीण, पोटुशी, लहान पोर किंवा म्हातारं माणूस असेल तर या अंड्याच्या वाटेला जायचंच नाही, त्यांना ताजं द्यायचं. आणि आमच्या भागात अजून तालमी चालतात, पैलवान पोरं दुधात कच्चं अंडं फेटून पितात. अशी पोरं मागायला आली की खुडूक बसलेल्या बुट्टीतलं एकही अंडं त्यांना मी देत नाही, ते त्याच दिवशीचं असलं तरी.

कोणत्या परीक्षा कामाच्या, कोणत्या नाहीत

पाण्यात टाकून बघायची परीक्षा सगळ्यांना ठाऊक आहे. आडवं तळाला बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर टाकून द्या. ती परीक्षा अंड्याचं वय सांगते. आतली हवेची पोकळी जितकी मोठी तितकं अंडं हलकं. पण तीन दिवस कोंबडीखाली असलेलं अंडंही तळाला बसतं. वैनींना दिलेली सहाही मी पाण्यात टाकून बघितली होती, सहाही बुडाली होती. तेव्हा खुडूक कोंबडीच्या बाबतीत या परीक्षेवर भरवसा ठेवू नका.

कानाजवळ धरून हलवायचं हे तर सोडूनच द्या. रवणीचं अंडं हलवून पिल्लाचं नुकसान होतं, आणि खूप नासलेलं असेल तर आतल्या वायूनं ते हातात फुटतं. आत्यांच्या हातात एकदा फुटलंय. तीन वेळा अंघोळ केली तरी पदराला वास होता. त्या दिवसापासून "काढायचंच न्हाई अंडं" हा नियम आला, असं मामंजी सांगतात.

मोबाईलचा टॉर्च उपयोगी आहे, पण वेळेवर. रात्री अंधारात, पुठ्ठ्याला जुन्या दोन रुपयांएवढं भोक पाडून, त्यावर अंड्याचा रुंद भाग टेकवायचा आणि खालनं उजेड सोडायचा. सातव्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा आणि मधे हलणारा ठिपका दिसला तर पिल्लू आहे. एकसारखा पिवळसर उजेड दिसला तर वांझ. रक्ताचं नुसतं कडं दिसलं तर गर्भ धरून मेलेला. पहिल्या तीन दिवसांत मात्र टॉर्चमध्ये फारसं काही कळत नाही, आणि नेमकी तीच अंडी आपण ताजी समजून खातो. सगळी गडबड या तीन दिवसांची.

शेवटची परीक्षा वाटीची. शंका असो नसो, आम्ही घरची अंडी थेट तव्यावर फोडत नाही. आधी वाटीत. बलकावर फिकट टिकली आणि भोवती गोल कडं दिसलं तर अंडं फलित आहे, इतकंच, चालतं. कडं पसरून मोठं झालंय, लालसर रेघा आल्यात, पांढरं पाण्यासारखं वाहतंय, बलक चपटा पडून हात लावायच्या आत फुटतोय, यातलं काही दिसलं की अंडं बाहेर. एक फरक लक्षात ठेवा. बलकावर एखादाच रक्ताचा थेंब, रेघा नाहीत, जाळं नाही, तर ते पिल्लू नव्हे. अंडं तयार होताना कोंबडीच्या आतली बारीक शीर फुटते, त्याचा तो थेंब. चमच्यानं काढून टाकायचा आणि अंडं वापरायचं. हे माहीत नसल्यानं आम्ही किती चांगली अंडी परड्यात फेकली असतील!

घोळ मुळातनं कसा थांबवला

उपाय काही मोठा नाही. पेन्सिल. रवणीला घालायची अंडी एकदम, एकाच दिवशी घालायची, आणि प्रत्येकाला आडवी गोल रेघ सबंध फिरवायची. नुसता ठिपका दिला तर अंडं उलटल्यावर तो खाली जातो आणि परत आपण चाचपडत बसतो. आमच्या आजी कोळशाची रेघ मारायच्या, पण कोंबडीच्या पोटाला घासून ती आठवड्यात पुसते. पेन्सिल टिकते.

रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, कोंबडी उचलायची आणि बिनरेघेचं अंडं काढायचं. एक दिवसही चुकवायचा नाही. पाहुणे आले, जत्रा आली, कुणी आजारी पडलं, तरी हे काम कुणातरी एकाच्या नावावर असलं पाहिजे. आमच्याकडं ते थोरल्या मुलीचं आहे. ती नसेल तर दुसऱ्या दिवशीच्या अंड्यांना हात लावायला ती आम्हाला देत नाही. तिचंच बरोबर आहे.

उचलताना हात खालनं हळू सरकवा. टोचणार ती, गोणपाट गुंडाळा हाताला. आधी दोन्ही पंख जरा उचलून बघा, कारण काखेत अंडी दाबून बसलेली असते. झटक्यात उचललं की ती अंडी वरनं पडून बाकीच्यांवर फुटतात, आणि मग फुटक्याचा चिकटा सगळ्या बुट्टीला लागून जंतूंना आयतं जेवण.

याहून पक्का उपाय म्हणजे तिची बुट्टीच वेगळी करायची. रात्री अंधारात, अंड्यांसकट उचलून दुसऱ्या खोलीत, वर डालगं, म्हणजे मोठी टोपली, उपडं. दिवसा हलवली तर जुन्या जागेकडं पळते. दिवसातनं एकदा तिला बाहेर सोडायचं. आता आम्ही चुलीच्या मागच्या कोपऱ्यात ठेवतो. तिथं ऊब आहे, ओल नाही, आणि बाकीच्या कोंबड्यांना स्वैपाकघरात शिरायची हिंमत नाही (आत्या बसलेल्या असतात). पिंजराखाली थोडी राख आणि कडुलिंबाचा पाला टाकतो, पिसवा कमी होतात. आत्या त्यात एक लोखंडी खिळाही ठेवतात, गडगडलं की अंडी नासू नयेत म्हणून. खिळ्यानं काय होतं मला माहीत नाही, काढायला मात्र मी गेलेली नाही.

रवणीसाठी अंडी साठवताना सात दिवसांच्या वरची घेऊ नका, पिल्लं कमी निघतात. तांदळाच्या डब्यात टोक खाली करून ठेवतो. जवारी कोंबडीच्या पोटाखाली दहा ते बारा अंडी मावतात. पंधरा घातली की कडेची आळीपाळीनं गार पडतात आणि नासक्यांची संख्या वाढते. हाव आमच्या सगळ्यांनाच असते, मीही दोन वर्षं सोळा घालत होते.

पिल्लं नको असतील तर

मग तिला बसूच द्यायचं नाही. जवारी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देणार, त्यात खुडूक बसली की अंडी बंद. बेंगळूरला तयार झालेली गिरिराजा जात खुडूक होत नाही, म्हणून काही जण तीच पाळतात. पण आठवडी बाजारात "जवारी तत्ती अदावेन्री?" (जवारी अंडी आहेत का हो?) असं कन्नडात विचारतच गिऱ्हाईक येतं, तेव्हा आमची जवारीच बरी.

बुट्टीतली अंडी काढून, तिला तळाला जाळी असलेल्या खोक्यात, जमिनीपासनं वर, वारा लागेल असं तीन-चार दिवस ठेवायचं. दाणापाणी भरपूर. पोटाखाली गार वारा लागला, बसायला पिंजर मिळालं नाही, की खुडूकपणा उतरतो. पाण्यात बुडवणं, नाकात पीस खुपसणं हे जुने प्रकार आमच्याकडंही होते. पीस खुपसणं म्हणजे नुसता जीव छळणं. आणि आमच्या आषाढ-श्रावणात कोंबडी पाण्यात बुडवली तर खुडूकपणाआधी कोंबडी जाते.

दोन आडव्या गोष्टी

पहिली उन्हाळ्याची. अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या पाहुण्यांना विचारा, तिकडं एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालचा खुराडा म्हणजे भट्टी. तिथं कोंबडी बसलेली नसली तरी अंडं दिवसभर पडून राहिलं तर गर्भ अर्धवट जागा होतो, आणि जंतूही. निपाणीची माझी मावसबहीण म्हणाली, आमच्याकडं खुडूक कोंबडी नाही तरी अंड्यात लाल रेघा निघाल्या. बुट्टी पत्र्याला टेकलेली होती. उन्हाळ्यात अंडी दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा, अशी दोनदा गोळा करा.

दुसरी पिंजराच्या गंजीत सापडलेल्या अंड्यांची. कोंबडी चार दिवस दिसत नाही, मग एकदम गंजीमागं चौदा अंड्यांवर बसलेली सापडते. तिथं हिशेब लावत बसू नका. रात्री टॉर्च मारा, शिरा असलेली तिच्याखालीच राहू द्या, बाकीची टाकून द्या. पण कोंबडी बसत नसेल, नुसती घालून जात असेल आणि अंडी हाताला गार लागत असतील, तर पाण्याची परीक्षा तिथं कामाला येते. तळाला आडवी बसली ती वाटीत फोडून, पुरती शिजवून खा.

धुण्याबद्दल सारखं विचारतात म्हणून: ठेवायची अंडी धुऊ नका, कोरड्या फडक्यानं पुसा. कवचावर जी नैसर्गिक साय असते ती धुण्यानं जाते. धुवायचंच असेल तर वापरायच्या आधी, आणि अंड्यापेक्षा जरा जास्त ऊन पाण्यानं. ऊन अंडं गार पाण्यात घातलं की आतलं आकसतं आणि बाहेरची घाण छिद्रांतनं आत ओढली जाते. खुडूक कोंबडीखालचं अंडं नेमकं ऊन असतं.

आणि टाकायची अंडी उकिरड्यावर फेकू नका, कोंबड्यांनाही कच्ची घालू नका. एकदा चव लागली की त्या स्वतःची अंडी फोडून खायला लागतात, मग तो वेगळाच रोग. नारळाच्या बुडात हातभर खोल खड्डा काढून पुरायची, वर मोठा दगड ठेवायचा. दगड विसरलात तर रात्री कुत्रं उकरणार, आणि सकाळी दार उघडल्यावर तो वास कुठनं येतोय हे शेजारच्या वैनींना सांगायला लागणार नाही.